एक तारीख, दोन दिवस : २३ एप्रिल १६१६ आणि साहित्येतिहासातील समकालीनतेचा प्रश्न

इतिहासलेखनात आणि त्याहूनही अधिक प्रमाणात इतिहासस्मरणात ‘त्याच दिवशी’ या शब्दप्रयोगाला एक विलक्षण आकर्षण आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन घटना एकाच तारखेला घडल्या असे कळताच त्यांच्यात काही आंतरिक नाते असावे, असा भास निर्माण होतो. दिनविशेषांची परंपरा याच भासावर उभी आहे. तौलनिक साहित्याभ्यासही या आकर्षणापासून मुक्त राहिलेला नाही. विल्यम शेक्सपिअर आणि मिगेल दे सेर्व्हांतेस हे युरोपीय साहित्यातील दोन श्रेष्ठ लेखक २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी निवर्तले, हे विधान त्याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण होय. पाठ्यपुस्तकांतून, गौरवग्रंथांतून आणि व्याख्यानांतून ते इतक्या वेळा आले आहे की त्याची तपासणी करण्याची गरजच कोणाला वाटू नये. प्रस्तुत लेखात या विधानाची छाननी करून तारखेचे साम्य, दिवसाचे साम्य आणि समकालीनता या तीन भिन्न गोष्टी कशा वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि तशा त्या ठेवल्या असता १६१६ या वर्षाचे कोणते वेगळे चित्र दिसू लागते, याचा विचार केला आहे.

१. तारखेची छाननी

सेर्व्हांतेसच्या शेवटच्या दिवसांविषयी काही गोष्टी निश्चित आहेत. ‘पेर्सिलेस’ या आपल्या अखेरच्या कादंबरीची अर्पणपत्रिका त्याने १९ एप्रिल १६१६ रोजी लिहिली. ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १६१७ साली प्रसिद्ध झाली. माद्रिदमधील सान सेबास्तियान चर्चच्या दप्तरात त्याच्या मृत्यूची नोंद २३ एप्रिलची आहे. तथापि त्या काळी अशा नोंदींत दफनाचा दिवस लिहिण्याची रीत असल्यामुळे त्याचा मृत्यू प्रत्यक्षात आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवार, २२ एप्रिल रोजी झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक आज मानतात.

शेक्सपिअरच्या बाबतीत स्ट्रॅटफर्ड येथील होली ट्रिनिटी चर्चच्या दप्तरात २५ एप्रिल १६१६ रोजी दफन झाल्याची नोंद आहे आणि मृत्यूची तारीख म्हणून २३ एप्रिल ही तेथील स्मारकावर कोरलेली आहे. त्याच्या जन्माची तारीख मात्र कोठेही नोंदलेली नाही. २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला, एवढेच ज्ञात आहे. जन्म २३ एप्रिललाच झाला ही समजूत नंतर रूढ झाली. मृत्यूच्या तारखेशी आणि इंग्लंडचा संरक्षक संत जॉर्ज याच्या सणाशी जन्मतारीख जुळावी, ही इच्छा त्या समजुतीमागे असणे शक्य आहे.

येथपर्यंतचा फरक एका दिवसाचा आहे. खरा फरक कालगणनेचा आहे. तेरावे पोप ग्रेगरी यांनी २४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्राने ज्यूलियन पंचांगात सुधारणा केली. शतकानुशतके साचत गेलेली दहा दिवसांची चूक दूर करण्यासाठी त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानण्यात आला. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतील बहुतेक राज्यांनी ही सुधारणा तत्काळ स्वीकारली. स्पॅनिश गूढवादी लेखिका आव्हिलाची तेरेसा नेमकी ४ ऑक्टोबरच्या रात्री निवर्तली, आणि तिचा स्मरणदिन आज १५ ऑक्टोबरला पाळला जातो. प्रॉटेस्टंट इंग्लंडने मात्र पोपचे पंचांग नाकारले. तेथे ही सुधारणा १७५२ साली झाली. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता आणि २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला.

याचा अर्थ असा की शेक्सपिअरचा २३ एप्रिल हा माद्रिदमध्ये ३ मे होता. सेर्व्हांतेसच्या दफनाचा २३ एप्रिल हा शनिवार होता, तर शेक्सपिअरच्या मृत्यूचा २३ एप्रिल हा मंगळवार. दोघांच्या मृत्यूंमध्ये सुमारे अकरा दिवसांचे अंतर आहे. हीच गोष्ट भारतीय पंचांगाच्या भाषेत मांडली तर अधिक स्पष्ट होते. शके १५३८ च्या वैशाखात सेर्व्हांतेसचे दफन शुक्ल पक्षात झाले आणि शेक्सपिअरचा मृत्यू कृष्ण पक्षात. ज्या चंद्राखाली एकाला पुरले तो वाढत होता. दुसरा गेला तेव्हा तो उतरणीला लागला होता. तारखेचे साम्य कागदावर होते, आकाशात नव्हते.

२. तारखेची निवड

ही गोष्ट अज्ञात नव्हती. तरीही १९९५ साली युनेस्कोच्या पॅरिस येथील सर्वसाधारण परिषदेने २३ एप्रिल हा ‘जागतिक ग्रंथ आणि स्वामित्वहक्क दिन’ म्हणून घोषित केला तेव्हा सेर्व्हांतेस, शेक्सपिअर आणि पेरूचा इतिहासकार इन्का गार्सिलासो दे ला व्हेगा या तिघांच्या मृत्यूचा आधार देण्यात आला. गार्सिलासोच्या मृत्यूविषयीही निरनिराळ्या ग्रंथांत २२, २३ आणि २४ एप्रिल अशा तारखा आढळतात. तिघांपैकी एकाच्याही बाबतीत ‘तो दिवस’ निर्विवाद आणि समान नाही.

या निवडीमागचा इतिहास स्पेनमध्ये शोधावा लागतो. बार्सिलोनात स्थायिक झालेला व्हॅलेन्सियाचा लेखक-प्रकाशक व्हिसेंते क्लाव्हेल याच्या प्रयत्नांतून १९२६ साली स्पेनमध्ये ग्रंथदिन सुरू झाला. तो दिवस होता ७ ऑक्टोबर, कारण सेर्व्हांतेसचा जन्म त्या दिवशी झाला असे मानले जाई. जन्मतारीख अनिश्चित असल्यामुळे आणि वसंत ऋतू पुस्तकविक्रीस अधिक सोयीचा असल्यामुळे १९३० साली हा दिवस २३ एप्रिलवर आणला गेला. कॅटलोनियात तो संत जॉर्जचा, म्हणजे सान जोर्दीचा सण. त्या दिवशी गुलाब भेट देण्याची जुनी प्रथा तेथे होतीच. गुलाबाच्या जोडीला पुस्तक आले आणि तारीख लोकजीवनात रुजली. उलटपक्षी ब्रिटन व आयर्लंडमध्ये ग्रंथदिन मार्च महिन्यातील पहिल्या गुरुवारी साजरा होतो, कारण एप्रिलमधील तारीख शाळांच्या ईस्टरच्या सुटीशी अडखळते. ज्या देशाच्या नाटककाराच्या नावाने ही तारीख जगभर मान्य झाली, त्याच देशाला ती सोयीची ठरली नाही.

या साऱ्यावरून २३ एप्रिलचा योग ‘खोटा’ म्हणून टाकून द्यावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. स्मरणाची तारीख आणि घटनेची तारीख यांची कार्ये भिन्न असतात. मराठी परंपरेतील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. फाल्गुन वद्य षष्ठी ही ‘नाथषष्ठी’ म्हणून पैठणला पाळली जाते. वारकरी परंपरा असे मानते की जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, एकनाथांची व त्यांची पहिली भेट, जनार्दनस्वामींची समाधी आणि शके १५२१ मधील एकनाथांची जलसमाधी या पाचही घटना याच तिथीला घडल्या. म्हणूनच या दिवसाला पंचपर्व षष्ठी म्हणतात. चरित्रकार या पाचही घटनांसाठी स्वतंत्र पुरावा मागेल आणि तो त्याचा अधिकार आहे. परंतु परंपरेला येथे पाच दिवसांची नोंद करावयाची नसून गुरू आणि शिष्य यांचे आयुष्य एकच आहे, हे सांगावयाचे आहे. तिथीचे ऐक्य हे अद्वैताचे कालगत रूप आहे. युनेस्कोची तारीखही याच जातीची आहे. फरक एवढाच की ती इतिहासाच्या भाषेत बोलते आणि म्हणून इतिहास म्हणून वाचली जाते.

३. पंचांग बदलले की शेजार बदलतो

भारतीय अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीला देशात सुमारे तीस पंचांगे प्रचारात असल्याचे आढळले होते. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, तरी जुन्या गणना लोकव्यवहारातून गेल्या नाहीत.

रवींद्रनाथ ठाकुरांचा जन्म बंगाली सन १२६८ मधील २५ वैशाखचा. इंग्रजी तारीख ७ मे १८६१. आज पश्चिम बंगालमध्ये ‘पंचीशे बैशाख’ ८ किंवा ९ मे रोजी येतो. बांगलादेशात, मुहम्मद शहीदुल्ला समितीच्या १९६६ मधील शिफारशींतून सिद्ध झालेल्या सुधारित गणनेनुसार, तो ८ मे रोजीच येतो. एका कवीचा, एकाच भाषेतील, एकाच नावाचा दिवस सीमेच्या दोन बाजूंना अनेकदा दोन वेगळ्या दिवशी उजाडतो. शेक्सपिअर-सेर्व्हांतेस यांच्या बाबतीत एक तारीख आणि दोन दिवस असा प्रकार आहे. तोच येथेही आहे.

महाराष्ट्रातील शिवजन्मतिथीचा वाद बहुधा वर्षाचा वाद म्हणून ओळखला जातो. शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया ही पूर्वी रूढ असलेली तिथी. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, अशी नोंद मिळाली. महाराष्ट्र शासनाने पुढे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. परंतु ही तारीख ज्यूलियन आहे. ग्रेगोरियन गणनेने तोच शुक्रवार १ मार्च १६३० ठरतो. ब्रिटिश भारतात वापरल्या गेलेल्या रूपांतर-कोष्टकांत १७५२ पूर्वीचे दिवस सर्वसाधारणपणे इंग्लंडच्या जुन्या गणनेने दिलेले असत. त्या सवयीचा हा अवशेष होय. सतराव्या शतकातील सुरतेच्या इंग्रज वखारीचे कागद आणि गोव्याच्या पोर्तुगीज सरकारचे कागद समोरासमोर ठेवणाऱ्या इतिहासकाराला म्हणूनच दहा दिवसांचा हिशेब सतत करावा लागतो.

पंचांग केवळ दिवसाचे नाव बदलत नाही; ते कोणता दिवस कोणाच्या शेजारी बसतो हेही ठरविते. परंपरेनुसार तुकारामबीज फाल्गुन वद्य द्वितीयेला, तिथीनुसार शिवजयंती तृतीयेला आणि नाथषष्ठी षष्ठीला. हे तिन्ही दिवस एकाच आठवड्यात येतात. तिथीने जगणाऱ्या समाजाच्या मनात देहूचा कवी, शिवनेरीवर जन्मलेला राजा आणि पैठणचा भागवतकार हे होळीनंतरच्या सहा दिवसांत एकामागून एक येणारे सोबती आहेत. १९ फेब्रुवारी ही तारीख स्थिर केली की ही साखळी तुटते. २०२४ साली बीज २७ मार्चला आणि नाथषष्ठी ३१ मार्चला होती. तारखेनुसार शिवजयंती त्याआधी महिनाभर होऊन गेली होती. उत्तर भारतातील पूर्णिमांत गणनेने तर हे तिन्ही दिवस फाल्गुनात नसून चैत्र कृष्ण पक्षात येतात. तात्पर्य, दोन घटनांचे सान्निध्य हे घटनांमध्ये नसते. ते मोजणाऱ्याच्या पंचांगात असते.

४. १६१६ : दुसरा शेजार

तारखेचा मोह बाजूला ठेवून १६१६ हे वर्ष पाहिले तर काय दिसते? शेक्सपिअर आणि सेर्व्हांतेस यांच्यातील खरा दुवा मृत्यूच्या दिवशी नसून एका पुस्तकात आहे. ‘दोन किहोते’च्या पहिल्या भागाचे थॉमस शेल्टनकृत इंग्रजी भाषांतर १६१२ साली प्रसिद्ध झाले आणि १६१३ साली शेक्सपिअरच्या नाटकमंडळीने ‘कार्डेनिओ’ हे आज हरवलेले नाटक राजदरबारी सादर केले. कार्डेनिओ हे सेर्व्हांतेसच्या कादंबरीतील पात्र. नाटकाचे कर्तृत्व पुढे १६५३ मधील एका नोंदीत फ्लेचर व शेक्सपिअर यांच्याकडे दिलेले आहे. सेर्व्हांतेसला मात्र शेक्सपिअरची माहिती असल्याचा पुरावा नाही. हे नाते एकतर्फी आहे, आणि तौलनिक अभ्यासाला ते एकाच तारखेच्या मृत्यूहून अधिक उपयुक्त आहे.

याच वर्षी चीनमधील नाटककार तांग श्यानत्सू निवर्तला. २०१६ साली त्याचे आणि शेक्सपिअरचे चतुःशताब्दी-स्मरण एकत्र झाले, तेव्हा नाटककार आणि वर्ष यांच्या साम्यावर भर होता. भारतात याच वर्षीच्या जानेवारीत इंग्रज वकील सर टॉमस रो अजमेर येथे जहांगीरच्या दरबारात हजर झाला. रो आपल्या दैनंदिनीत ज्यूलियन तारखा लिहीत होता; बादशहाच्या आत्मवृत्तात राज्यारोहणाची वर्षे आणि अकबराने सुरू केलेल्या इलाही सनाचे महिने येत होते; धार्मिक व्यवहारात हिजरी १०२५ चालू होते; गोव्यातील पोर्तुगीज ग्रेगोरियन तारखा वापरीत होते आणि दख्खनच्या खेड्यात शके १५३८ होते. एका दिवसाला एकाच उपखंडात किमान पाच नावे होती.

आणि याच वर्षी गोव्यात, साष्टीतील रायतूरच्या जेझुइट महाविद्यालयात, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मुद्रित झाले. स्टीफन्स हे विल्टशायरचे इंग्रज. लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोहोचले. तेथून वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले आहे. शेक्सपिअर तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पुढील चाळीस वर्षे, १६१९ मधील मृत्यूपर्यंत, स्टीफन्स गोव्यातच राहिले. पंचांग-सुधारणा झाली तेव्हा ते पोर्तुगीज अंमलाखाली होते. त्यामुळे ज्या तारखा त्यांची मायभूमी नाकारीत होती त्याच तारखांनी ते जगले. त्यांनी बायबलमधील कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात, मराठीत सांगितली. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघूनही त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे मंगळूर येथे १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला.

आता गार्सिलासोकडे परत पाहिले पाहिजे. कुस्को येथे १५३९ साली जन्मलेला, स्पॅनिश कप्तान आणि इन्का राजकन्या यांचा हा पुत्र. त्याने आईच्या कुळाची परंपरा कास्तील भाषेत उतरविली; त्याच्या ‘कोमेंतारिओस रेआलेस’चा पहिला भाग १६०९ साली लिस्बनला छापला गेला. पेरूतील ग्रंथकाराचे पुस्तक पोर्तुगालच्या राजधानीत छापले जाण्यामागे एक राजकीय वस्तुस्थिती आहे. १५८० ते १६४० या काळात स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. १६१६ साली माद्रिदमधील सेर्व्हांतेस, कोर्दोव्यातील गार्सिलासो आणि रायतूरमधील स्टीफन्स हे तिघेही तिसऱ्या फेलिपेच्या सत्तेखाली राहत होते. तिघांच्या ग्रंथांना धर्मसत्तेच्या आणि राजसत्तेच्या परवानग्या लागत होत्या. ‘क्रिस्तपुराण’ही इन्क्विझिशनच्या परवान्यानिशी छापले गेले. तिघांचा २३ एप्रिल हा खरोखरच एकच दिवस होता.

या कसोटीवर गार्सिलासोचा निकटचा शेजारी स्टीफन्स ठरतो, शेक्सपिअर नव्हे. एकाने जिंकलेल्यांची कथा जिंकणाऱ्यांच्या भाषेत सांगितली; दुसऱ्याने सत्ताधाऱ्यांच्या धर्माची कथा शासितांच्या भाषेत आणि त्यांच्याच छंदात सांगितली. दिशा परस्परविरुद्ध आहेत, पण दोघांपुढचा प्रश्न एकच आहे : एका परंपरेतील पवित्र ते दुसऱ्या परंपरेच्या शब्दांत सांगताना काय टिकते आणि काय बदलते? गार्सिलासोने इन्कांचा सूर्यधर्म ख्रिस्ती धर्माची पूर्वतयारी म्हणून मांडला. स्टीफन्स यांनी पुराण या प्रकारालाच ख्रिस्ती आशयाचे पात्र बनविले. साष्टीतील देवळे पाडली गेल्यानंतरच्या पिढीसाठी लिहिलेल्या या ग्रंथात मराठीविषयीचा आदर आणि तिच्या जुन्या पुराणांविषयीचा नकार हे एकत्र नांदतात. या दोन ग्रंथांचे शेजारी-शेजारी वाचन वसाहतकालीन भाषांतर, धर्मांतर आणि छंद यांच्या अभ्यासासाठी जितके फलदायी ठरेल, तितके एका तारखेवरून जोडलेल्या नावांचे ठरणार नाही.

५. समारोप

वरील विवेचनावरून तीन पातळ्या वेगळ्या करता येतात. पहिली, तारखेचे साम्य : हे नावाचे साम्य असते आणि भिन्न कालगणनांमध्ये ते फसवे असू शकते. दुसरी, दिवसाचे साम्य : हे वार, तिथी आणि रूपांतर यांच्या आधारे तपासता येते, परंतु ते सिद्ध झाले तरी त्यातून साहित्यिक संबंध सिद्ध होत नाही. तिसरी, समकालीनता : एकाच सत्तेखाली, एकाच परवाना-व्यवस्थेत, एकाच प्रश्नाला सामोरे जाणे. तौलनिक साहित्याचा खरा विषय ही तिसरी पातळी होय. पहिल्या पातळीवरचे योग स्मरणासाठी, उत्सवासाठी आणि समाजाच्या आत्मप्रतिमेसाठी मोलाचे असतात. नाथषष्ठी त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यांचा अभ्यास स्मृतीचा इतिहास म्हणून व्हावा.

ही विभागणी पाळली नाही तर किंमत मोजावी लागते ती लहान भाषांना. तारखांवर उभारलेल्या जागतिक साहित्याच्या चित्रात ज्यांची मृत्युतारीख आधीच प्रसिद्ध आहे तेच लेखक एकमेकांना भेटतात. रायतूरच्या छापखान्यातून त्याच वर्षी बाहेर पडलेल्या मराठी ग्रंथाला त्या चित्रात जागा मिळत नाही, कारण त्याची नोंद फक्त वर्षाची आहे. भारतीय भाषांमधील मध्ययुगीन साहित्याचा मोठा भाग तिथी, शक किंवा केवळ वर्ष एवढ्याच नोंदींनिशी आपल्यापर्यंत आला आहे. अशा साहित्याची तुलना करताना आधी कालगणना, मग सत्ता व संस्था आणि शेवटी तारीख, हा क्रम ठेवला तर १६१६ चा इतिहास स्ट्रॅटफर्ड आणि माद्रिद यांच्यापुरता राहणार नाही. कुस्को, कोर्दोवा आणि साष्टी यांनाही त्यात त्यांच्या योग्य जागी ठेवता येईल.